खालच्या पट्टीतला आवाज

कार्डिफ, मंगळवार

प्रिय आई,

मी बरी आहे. तू पाठवलेला बाराब्रिथ केक पोचला, दोन दिवस चहाबरोबर तोच खाल्ला. बाबांचा गुडघा कसा आहे? डोंगरावरून मेंढ्या खाली आणायला या वर्षी कोण आलं?

आमची नवी रेकॉर्ड छान झालीय म्हणतात. मुलाखतींना हल्ली लाउरी एकटीच जाते. मी म्हटलं, "अगं, आपण दोघी गातो ना?" तर म्हणे, "तुला कुठे बोलायला आवडतं, मेरेरिद?" नऊ वर्षं गावोगाव गाडी मीच हाकली, तेव्हा मात्र चालत होतं!

तू लिहिलंस, रेडिओवर आमचं नवं गाणं लागलं तेव्हा चॅपलमधल्या बायकांना तू सांगितलंस, "तो खालच्या पट्टीतला आवाज माझ्या लेकीचा. बाकावर शेजारी बसवून मीच शिकवलाय."

आई, रेकॉर्डिंगच्या आठवड्यात माझा घसा बसला होता. लाउरीने माझा भागही स्वतःच गाऊन टाकला. मी बरी झाल्यावर तो बदलावा असं कुणालाच वाटलं नाही.

बायकांना काही सांगू नकोस. त्यांना कळलं नाही, त्याचं काही नाही.

तुला कळेल असं वाटलं होतं.

तुझीच,
मेरेरिद