फोटोंच्या जोड्या

२ जून
दादाचा फोन. बाबांना माणसं ओळखू येईनाशी झालीत, तर मोबाईलवर घरच्या फोटोंचा एक गेम आहे, डोक्याला चालना मिळते, तूच चालू करून दे. लांब राहून सल्ले द्यायला याचं काय जातं!
तरी गेम घेतला माझ्या फोनवर. बाबा मला 'तुम्ही' म्हणतात. त्यांना वाटतं, मी कामाला ठेवलेली नर्स आहे. ते थांबणार असेल तर काहीही करीन.

३ जून
शी! सुरू करायलाच तास गेला. हे मान्य करा, ते मान्य करा — वैतागून सगळ्याच फोटोंना परवानगी दिली. आईच्या शेवटच्या फोटोला गेमने सशाचे कान लावले! वर टाळ्या. किळस आली.

४ जून
चूक माझीच. दात बसवणाऱ्या बाईच्या फोनमध्ये घरचे फोटो असणार किती? एकाच माणसाचे दोन फोटो शोधायचे, आणि बाबांपुढे आली माझ्या पेशंटांची उघडी तोंडं. सुजलेल्या हिरड्या, किडक्या दाढा, खाली गुलाबी अक्षरांत 'तुमची लाडकी माणसं!' बाबा मात्र चष्मा पुसून सरसावून बसले. चाळीस वर्षं त्यांनीही हेच काम केलंय.

५ जून
चेहरा एकही ओळखला नाही. दादा नाही. आई — "चांगल्या घरची दिसते." माझ्यावरून तर नजर नुसती घसरली.
दातांच्या जोड्या मात्र धडाधड! तुटका सुळा आणि त्याच सुळ्यावर कॅप बसवल्यानंतरचा फोटो, अशी जोडी लावली. गेमने लाल फुली मारली. बाबा भडकले. "एकच तोंड आहे. शेजारचा दात तिरका आहे, बघा की, बाई."
कामाची वही काढून पाहिलं. बाबाच बरोबर होते. मठ्ठ गेम!

६ जून
उद्या काढून टाकते. घाण नुसती.

७ जून
काढायला गेले तर बाबा फोन सोडेनात. माझा हसरा फोटो, त्याला मांजराच्या मिशा. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. "हा पुढचा दात मी बसवलाय. जिन्यावरून पडली होती. आमची धाकटी." मग माझ्याकडे वळले. "कुठे असते हो ती हल्ली?"
इथेच असते, म्हटलं. त्यांना बरं वाटलं.