उशाखालचा चाकू

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

घेतलाच! तीन दिवस मनाला आवर घातला आणि आज घेतलाच.

तांड्यावर कमलीबाईला बघायला गेले होते. बाळंत होऊन चौथा दिवस. मुलगी छान आहे, नाळ कोरडी. मीच कापली होती, नव्या ब्लेडनं. कमलीबाईच्या उशाखाली तिच्या नवऱ्याचा चाकू. लखीराम दसरा होताच ऊसतोडीला गेला, जाताना हा ठेवून गेला. बाळंतिणीजवळ लोखंड असलं की बाहेरचं काही जवळ येत नाही म्हणे. घडीचा चाकू, वीतभरही नाही. मूठ सांबरशिंगाची, वर पितळेचे पाच ठिपके. उघडताना खटका असा वाजतो की पुन्हा पुन्हा उघडावा. माझ्या डब्यात असा एकही नाही.

मी म्हटलं, "हे काहून ठेवलं उशाखाली? लोखंडानं लेकराले धनुर्वात होते!"

धडधडीत खोटं. उशाखालच्या चाकूनं काही होत नसतं. त्यानं नाळ कापली तर होतं.

कमलीबाईनं तो दोन्ही हातांनी दिला. "त्याचा हाय बाई. परत भेटीन ना?"

"पाहू," म्हटलं मी. पाहू!

१९ नोव्हेंबर

शिलाई मशीनचं तेल घातलं, शिंग पुसलं. हा विसावा चाकू. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, दवाखान्याच्या कापसात झोपवला.

बाईमाणसाला हा कसला नाद, असं आई म्हणायची. नाद तो नाद! परकराला खिसा शिवून घेतलाय, रोज एक चाकू त्यात. कधी सुतळी कापायला, कधी पाकीट फोडायला, उसाचं कांडं, पेरू. कापायला काहीच नसलं तरी चालताना मुठीवर बोट ठेवायला बरं वाटतं. पहिला बाबांनी दिला, नर्सच्या ट्रेनिंगला अकोल्याला निघाले तेव्हा. "एकटी राह्यशीन भागे, असू दे." बारा मी मिळवले. काही शेलूबाजारच्या बाजारात, काही घिसाड्याकडून घडवून, एक मेंढपाळाकडून टॉर्चच्या बदल्यात. हे तेरा हक्काचे.

बाकी सात बायांच्या उशाखालचे.

त्यातला पहिला घ्यायलाच हवा होता. गंजका. तांड्यातल्या सुईणीनं, रुपाबाईनं, त्याच्यानंच नाळ कापली होती. सहाव्या दिवशी पोर दूध ओढेना, जबडा मिटला, अंग ताठ. आठव्या दिवशी गेलं. मी तो चाकू हिसकावला आणि सगळ्या बायांसमोर ओरडले की लोखंडानं मारलं लेकरू. त्या दिवसापासून तांड्यात माझा शब्द चालतो. रुपाबाई ब्लेडनं कापते. वर्ष झालं, एकही पोर तसं गेलेलं नाही.

आणि तोच शब्द पुढे सहा वेळा मी चाकूसाठी वापरला. चांगल्या मुठीच्या चाकूसाठी!

२३ नोव्हेंबर

आज कमलीबाईचा चाकू खिशात. पेरू कापला. धार उत्तम. पेरू अर्धाच खाल्ला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तांड्यावर गेले. अर्धा तांडा ऊसतोडीला, झोपड्यांच्या दारांना काट्या लावलेल्या. मुलीचं वजन केलं तर पावशेर कमी! कमलीबाईचे डोळे आत गेलेले. विचारलं, जेवत नाहीस का? ती नुसती बसलेली, पोर छातीशी धरून.

रुपाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तुमी लोखंड नेलं तवापासून तिचा डोळ्याले डोळा लागत नाही. बसूनच राह्यते. झोपलो तं लेकराले काई नेईन म्हनते."

"असं काई नसते," मी म्हटलं.

"नसते तं नसते. पन झोप येत नाही, दूध आटलं, त्याचं काय करता?"

कमलीबाईची जाऊ बेबीबाई दारात उभी होती, दिवस भरत आलेले. ती हळूच म्हणाली, "भावजीचा चाकू होता ना बाई. चाकू जवळ तं मानूस जवळ." माझा हात परकराच्या खिशावर गेला. त्यातच होता तो! खाई त्याला खवखवे. वाटलं, हिला कापडातून दिसतो आहे.

खरं सांगितलं तर? नर्सबाईनं चाकूपायी खोटं सांगितलं असं झालं की ब्लेडही खोटंच ठरणार. मग पुन्हा गंजकं लोखंड आणि आठवा दिवस. म्हणून गप्प राहिले. आणि लाज वाटते म्हणूनही गप्प राहिले. यातलं कोणतं कारण मोठं, ते इथे लिहायचीसुद्धा हिंमत नाही.

१ डिसेंबर, रविवार

आसेगावला घरी. बाबा अंगणात सुपारी फोडत बसलेले. माझ्या हातातला चाकू पाहिला आणि मागून घेतला. उलटसुलट केला.

"हा बाजारातला नाही. कोन्या मानसानं हातानं बसवले हे ठिपके. कुठून आनला?"

"भेटला एका बाळंतिणीकडे. उशाखाली ठेवला होता, अंधश्रद्धा."

वाटलं, शाबासकी देतील. छप्पन साली गावात सगळ्यांआधी देव काढून टाकणारा माणूस! पण बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुया भाऊ इंद्रभान झाला तवा देव काढून वर्स झालं होतं. तुया मायले झोप येयेना. मीच विळा नेऊन ठेवला उशाखाली."

"तुमी? काहून?"

"मंग काय करू? भ्या तिच्या मनात, भाषन देऊन जाते काय? झोपली ना मंग. पंधरा दिवसानं तिनंच काढून कुडात खोचला." चाकू मिटून माझ्या हातात दिला. "ज्याचा त्याले देऊन टाक भागे."

खोटं बोलून घेतला असं मी सांगितलंच नव्हतं. त्यांना कसं कळलं?

६ डिसेंबर

विहारात वंदनेला. पांढरी साडी, पहिल्या रांगेत मी. पंचशील म्हणताना दुसऱ्यालाच जीभ अडली. न दिलेलं घेणार नाही. दिलं होतं की तिनं, दोन्ही हातांनी दिलं होतं! मग चौथं आलं. खोटं बोलणार नाही. तिथे नुसते ओठ हलवले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, की मलाच तसं वाटलं?

सोमवारी नेऊन देते. आणि खरं सांगते. उशाखाली ठेवा, नाळेला लावू नका, मला तो आवडला होता म्हणून मी खोटं बोलले. एवढंच तर बोलायचं आहे.

९ डिसेंबर, सोमवार

दिला.

वाटेत तीनदा घोकलं. चाकू पाण्यात उकळून, स्पिरिटनं पुसून नेला होता, उगाच आपलं. झोपडीत शिरले तर पाच-सहा बाया जमलेल्या. रुपाबाई समोरच. चाकू काढला, सगळ्यांचे डोळे त्यावर, आणि माझ्या तोंडून निघालं, "दवाई लावली याले. आता याच्यानं काई होत नाही."

कुठून आलं ते वाक्य? मी ठरवलं नव्हतं! पण आलं, आणि किती सोपं होतं. कोणी काही विचारलं नाही. रुपाबाईनं चाकू हातात घेऊन वास घेतला. "हो, दवाईचा वास येते." कमलीबाईनं तो कपाळाला लावला, उशाखाली सारला आणि भरदुपारी, माझ्यासमोर, आडवी झाली. दोन मिनिटांत घोरायला लागली बाई! मुलगी तिच्या कुशीत.

खोट्यावर खोटं चढवलं हे कळतं मला. पण ती झोपली ना! परतताना ऊर हलका होता. खिसा रिकामा, तरी चालताना बोट तिथेच जात होतं.

१४ डिसेंबर

आणखी चार चाकू परत केले, चार घरी. सगळीकडे तेच, दवाई लावली. बाया खूश, एकीनं तर तूर बांधून दिली. घेतली मी! राहिले दोन. पैकी गंजका मी कुणालाच देणार नाही, तो विहिरीत टाकायचा. दुसऱ्याच्या घरचे तोडीला गेलेत, आले की देईन.

डबा उघडला की कापसात रिकाम्या खाचा दिसतात. वाईट वाटतं. त्या चाकूंसाठी वाईट वाटतं, हे त्याहून वाईट.

१७ डिसेंबर

कमलीबाईची मुलगी दीडपावानं वाढली! दूध उतरलंय. बेबीबाईला तपासलं, आठ-दहा दिवस आहेत. रुपाबाईकडे नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा पुडीत बांधून दिला, मला बोलावणं पाठवा म्हणून दोनदा बजावलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

बेबीबाई रविवारी पहाटे मोकळी झाली. मी आसेगावला होते. मुलगा. आज गेले तर बाळ छान रडतंय, छान पितंय. रुपाबाईला ब्लेडची रिकामी पुडी मागितली. तिनं बंदच पुडी आणून हातात ठेवली.

"मंग नाळ कशानं कापली?"

"त्या चाकूनं. कमलीनंच देला उशाखालून काढून. ब्लेड काय, बाजारातलं. ह्याले तं तुमी सोता दवाई लावली."

चाकू उकळला का? नाही. कशाला उकळायचा? दवाई होती ना. त्याच्यानंच आदल्या दिवशी बोराटीचे काटे छाटले होते, बकरीच्या दोरीचा शेणात भरलेला तुकडा कापला होता. लुगड्याला पुसून घेतला होता, म्हणाली.

जीप सांगितली आहे, बाळाला अकोल्याला नेते. डॉक्टर विचारतील, काय झालं, आणि मला सगळं सांगावं लागेल. बेबीबाईसमोर. त्यानंतर चाकू परत दिले त्या चार घरी जायचं आहे, दवाई खोटी होती हे सांगायला. बाळ अजून पितंय.

आज तिसरा दिवस. आठवा रविवारी.