नीलाच्या बाजूची काच

३ जानेवारी १९९४, सोमवार

पुन्हा मानकोलीला बंद! नाक्यावर गाडी हळू झाली की इंजिन धडधडतं आणि मरतं. मागे ट्रक, पुढे ट्रक, मी चावी फिरवतोय आणि नीला घड्याळ बघतेय. तिसरा लेटमार्क.

अकरा वर्षं कामतघरच्या खोलीत शिकवण्या घेतल्यावर नीलाला, माझ्या बायकोला, ठाण्याच्या शाळेत नोकरी मिळाली. कायम करायचं की नाही ते मार्चमध्ये मुख्याध्यापिका ठरवणार. "वेळ सांभाळा हं," असं स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं म्हणे. बसचा भरवसा नाही, म्हणून ही गाडी. हरीची, म्हणजे नीलाच्या भावाची. मस्कतहून जपानी गाडी आणली आणि परत जाताना आमच्या दारात लावून गेला. तिच्या बाजूची काच खाली होत नाही. बाकी गाडी देखणी.

५ जानेवारी

गाडी राहनाळला लहानू मेकॅनिककडे नेली. बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "साहेब, ह्यो वॉल्व्ह. सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इंजिनला पाजतो. हवा कमी खराब व्हावी म्हनून हाय. काजळीनं उघडाच अडकलाय. साफ करून देतो, पन चार दिस गाडी ठेवाया लागंल."

चार दिवस! म्हणजे चार लेटमार्क. आणि इंजिनाला स्वतःचाच धूर पाजायची ही कसली अक्कल?

९ जानेवारी

तो वॉल्व्ह काढूनच टाकावा की नको? सकाळी वाटतं काढावा, जेवताना वाटतं नको. बूथवरून हरीला फोन लावला. "भावोजी, काढू नका. साफ करून घ्या फक्त." फोन कटला.

तिकडे बसून सांगायला काय जातं!

१२ जानेवारी

माझ्या कापडाच्या कारखान्यात नवीन लूम, म्हणजे माग, आले की मी पहिल्यांदा काय काढतो? ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की लूम थांबवणाऱ्या पट्ट्या. त्या ठेवल्या तर लूम दिवसभर थांबतच राहील. काढल्या की धडाधड चालतो, तुटका धागा कारागीर डोळ्याने बघतो. वीस वर्षं हेच केलं, कोणाचं काही बिघडलं नाही. गाडी लूमपेक्षा वेगळी आहे का?

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत, आणि शुक्रवारचे लूम बंद. काढला! पाइपासकट. भोकावर पत्रा बसवला, खाली लूम फिरवणाऱ्या पट्ट्याचं चामडं कापून वॉशर केला. आमच्याकडे सगळीकडे हाच वॉशर. दीड तासात काम. नीलाने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला आता. आठवडाभर नुसते त्या गाडीशी भांडताय."

१७ जानेवारी

मानकोलीला वीस मिनिटं जाम. इंजिन हूं की चूं नाही! नीला पंधरा मिनिटं आधी शाळेत. जरा जळकट वास येतो. नवीन काम आहे, जाईल.

२२ जानेवारी

नीलाचं डोकं दुखतंय. कपाळात, भुवयांच्या वर. म्हणते खाडीच्या पुलापासून सुरू होतं. उन्हाने असेल.

३० जानेवारी, रविवार

आठवडाभर रोज डोकं. आज रविवार, तर एकदम ठणठणीत! पुरणपोळ्यासुद्धा केल्या. मी थट्टेत म्हटलं, "तुझ्या डोक्याला कॅलेंडर कळतं वाटतं?" ती हसली नाही.

८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब ठीक, डोळे ठीक. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले. मला वाटलंच होतं.

१४ फेब्रुवारी

प्रार्थनेच्या वेळी वर्गाबाहेर उलटी झाली. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून विचारलं, झेपतंय ना? घरी आल्यावर मीही तेच बोललो. "अकरा वर्षं घरात बसायची सवय. नसेल झेपत तर सांग, मी उगाच रोज पेट्रोल जाळतोय."

बोलायला नको होतं. पण बोललो.

१५ फेब्रुवारी

नीला गाडीत डोळे मिटून बसते. मी माझ्या बाजूची काच खाली करून वारा खातो, मला बंद गाडीत कोंडल्यासारखं होतं.

२३ फेब्रुवारी

नीलाने राजीनामा दिला. मला न विचारता. "तुम्ही म्हणालात तेच खरं असेल. मला नाही झेपत," एवढंच. मग पोळ्या लाटायला बसली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाहीये.

२४ फेब्रुवारी

महिनाअखेरपर्यंत जायचं आहे. "आता उशीर झाला तर झाला," म्हणून बसने गेली. संध्याकाळी आली ती गुणगुणत. जेवली पोटभर. डोकं? "नाही हो, आज नाही दुखलं." राजीनाम्याने ओझं उतरलं असेल.

की बसने?

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

ती बसने गेली. मी दारातच गाडी चालू केली आणि पहिल्यांदा तिच्या जागेवर बसलो. सगळ्या काचा वर. पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं, नीला बोट ठेवून दाखवते तिथेच. बॉनेट उघडलं. चामड्याची राख झालीय. पत्र्याच्या कडेने धूर फसफसत सरळ तिच्या बाजूच्या हवेच्या जाळीतून आत जातोय.

महिन्याभरापेक्षा जास्त मी तिला रोज हे पाजत होतो, आणि वर टोमणे मारत होतो.

जळका वॉशर रुमालात बांधून घेतलाय. बसने निघतोय ठाण्याला. आधी नीलासमोर, मग बाईंसमोर उघडतो.