लाखेखालचा स्क्रू

बाबा, माझ्या सायकलीचा लहान गियर खराब नव्हता. तुम्हाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता भांडायचं कुणाशी, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

तुमची नात उटनूरला नोकरीला लागली आहे. कामासाठी तिला जंगलातल्या गुड्यांवर, आदिवासी पाड्यांवर, जावं लागतं, आणि नवी गाडी नको म्हणत तिने माझी ती जुनी अठरा गियरची सायकलच मागितली. मी ती इचोड्याला मिस्त्रीकडे नेली आणि चढाला सोपी करून द्या म्हटलं. त्याने पुढचे-मागचे दात मोजले. पुढच्या तिन्ही चकत्या एकमेकींना रिव्हेटने ठोकलेल्या, त्या बदलता येणार नाहीत. पण मागे अठ्ठावीसच्या जागी चौतीस दातांचं फ्रीव्हील बसेल, साखळी थोडी लांब घ्यावी लागेल, असं तो म्हणाला. पुढे लहान चकतीचे अठ्ठावीस आणि मागे चौतीस, म्हणजे पायडल एकदा फिरलं तरी चाकाचा एक फेरासुद्धा पुरा होत नाही. सायकल हळू चालते, पण चढते. मी त्याला सांगितलं की पुढची लहान चकती तर चालतच नाही. तो खाली वाकला, तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, हे त नवीच हाये. एक दात घासला नाई. कोनं बंद करून ठेवली?" साखळी इकडून तिकडे ढकलणाऱ्या पिंजऱ्यावरचा एक बारीक स्क्रू पार आत पिळलेला होता आणि त्याच्यावर लाल लाख होती. मिस्त्रीने लाख खरवडली, स्क्रू दोन वेढे बाहेर काढला, आणि साखळी मुकाट लहान चकतीवर उतरली. फक्त दोन वेढे, बाबा.

ती लाख कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. तहसील कचेरीत तुम्ही पेशकार. बंद लिफाफ्यांना, खजिन्याच्या थैल्यांना तुमच्या हाताने लाख लागायची आणि उरलेला तुकडा खिशातून घरी यायचा. आम्ही बोट घालू नये म्हणून तुम्ही तुपाच्या बरणीलासुद्धा मोहर केली होती, आठवतं? माझ्या लग्नाआधी एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात लाख वितळवत होता, शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर तुमच्या कानावर खोचलेला होता. आईने तव्यावरची भाकरी तशीच ठेवून तुमच्याकडे पाहिलं, मग भाकरी उलटली. मी विचारलं तर म्हणालात, हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, म्हणून लावतो. आपले वडील किती काळजी घेतात, असं मला वाटलं. त्या कौतुकाची आज लाज वाटते.

त्या सकाळच्या चारच दिवस आधी मला चढापलीकडच्या गुड्यातल्या शाळेत शिकवायचं काम मिळालं होतं. तिकडे बस जात नव्हती. मनाने मी अजून त्या चढाच्या पायथ्याशी आहे. गियरचा खटका मागे ओढते, साखळी मधल्याच चकतीवर राहते. पुढे अडतीस, मागे अठ्ठावीस. सागाच्या पहिल्या वळणावर मांड्या पेटतात, दुसऱ्या वळणावर मी उतरते आणि सायकल ढकलते. शाळेत पोचते तेव्हा पोरं वाट पाहून घरी गेलेली असतात. असे आठ दिवस. घरी येऊन सांगितलं की लहान गियर पडत नाही, तर तुम्ही सायकल उलटी करून, पायडल फिरवून, खोटं खोटं तपासलंत. खराब आहे म्हणालात. मग पेपर उचलत म्हणालात, "नाई जमत त सोडून दे. तुया पायात तेवढा दम नाई."

मी सोडलं. नंतर आदिलाबादला विम्याच्या कचेरीत चिकटले, लग्न झालं, काही वाईट झालं नाही. पण जिथे कुठे चढ आला तिथे मी आधीच उतरले. कार्यालयातली बढतीची परीक्षा तीनदा टाळली. अडवायचंच होतं तर दारात आडवे व्हायचं होतंत. मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही एकदाही नाही म्हटलं नाहीत. मला सायकल दिलीत, चढ दाखवलात, आणि दोष माझ्या पायांना दिलात. तेव्हा तो रस्ता भीतीचा होता, एकट्या पोरीचा नव्हता, हे मलाही कळतं. तुमच्यासाठी ती वकिली मी करणार नाही. मला अतोनात राग आला आहे आणि तो गिळायची माझी इच्छा नाही.

सायकल तयार होऊन आली. काल सकाळी लेक ती घेऊन उटनूरला गेली. परवा संध्याकाळी ती सामान बांधत होती तेव्हा मी मशीनच्या खणातून तोच स्क्रूड्रायव्हर काढला आणि ओसरीत सायकलीजवळ बसले. ती एकटी जाणार, तशाच चढावरून, तशाच झाडीतून. स्क्रू एक वेढा आत गेला होता. मग आतून तिने हाक मारली, आणि मी तो परत सैल केला. तिला सांगितलेलं नाही. स्क्रूड्रायव्हर खणात आहे. हा कागदही तिथेच ठेवते.