तळ्यावरून गेलेली तार

आप्पा,

आपल्या तळ्यावर या वर्षी चित्रबलाक आले आहेत. तुम्ही ते इथे कधी पाहिले नसतील; मीही पाहिले नव्हते. उंच पाय, लांब पिवळी चोच, शेपटीकडे गुलाबी पिसं. संकेश्वरकडच्या या उसाच्या पट्ट्यात ते का उतरले, हे मला नक्की सांगता येत नाही. पूर्वीच्या जागी पाणी उरलं नसेल, किंवा इथे मासे जास्त असतील. सकाळी बांधावरच्या बाभळींवर ते पंख मिटून उभे असतात. त्यांतले दोन मेले, आपल्या वीजखात्याच्या तारेला धडकून.

ती लाइन मी आखली. तुम्ही खांबावर चढायचात, मी त्याच खात्यात नकाशे काढते. तुम्हाला हे ठाऊक नाही. मी लागले तेव्हा तुम्ही नव्हता.

डिप्लोमाला असताना मी स्वयंपाकघरात बसून विहिरीपर्यंतची लाइन वहीत काढत होते. तुम्ही भाकरी मोडता मोडता वाकून पाहिलंत.

"लई सरळ काढलीस गं. जाग्यावर गेलतीस काय?"

"अंतर ठाऊक हाय की, आप्पा."

"अंतर ऱ्हाऊ दे. पावसाळ्यात तितं काय असतंय, ते इचारलीस कुणाला?"

आई म्हणाली, "सायबीणबाईंना आधी जेवू तरी द्या." तुम्ही दोघं हसलात. मी वही मिटली आणि त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही.

तळ्यावरची लाइन आखताना मी जाग्यावर गेले होते, पण वैशाखात. तळ भेगाळलेला, त्यात शेळ्या फिरत होत्या. कडेनं वळसा घालण्याऐवजी मी लाइन सरळ पलीकडे नेली. खांब कमी लागले, त्याचं कौतुकही झालं. आता पाणी आहे, पक्षी आहेत, आणि सकाळच्या धुक्यात तार दिसत नाही. एवढ्या जड पक्ष्याला ऐन वेळी वळता येत नाही.

दुसरा पक्षी तुमच्या हाताखाली शिकलेल्या लाइनमननं पोत्यावर घालून ऑफिसात आणला. "म्याडम, ह्यो बी गेला बघा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "लाइन आखणाऱ्याला धुकं ठाऊक न्हवतं वाटतं." कुणी आखली, हे त्याला माहीत आहे. त्यानं पक्ष्याचा पंख नीट मिटवला आणि पोतं त्याच्यावर ओढलं.

आज मी टिपणी दिली: तारेवर लगेच चमकत्या पट्ट्या लावाव्यात, पाणी ओसरल्यावर लाइन कडेनं वळवावी. साहेब वाचून म्हणाले, "आखणी कुणाची, ते कशाला लिहिताय? तेवढं सोडा की." मी माझं नाव तसंच ठेवलं. चौकशी होईल, बढती अडेल. ते मला चालेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून टिपणीत नसलेलं लिहिते. पहिला पक्षी पडला, त्याच सकाळी मला कारण कळलं होतं. त्यानंतर बारा दिवस मी कुणाला काही बोलले नाही. दुसरा त्या बारा दिवसांतला आहे.