बालकक्षातील आठ लघुपट मोडीत निघण्यापूर्वी पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय, पहिला मजला.

विषय : मोठ्यांसाठीच्या अकरा ॲनिमेशन लघुपटांपैकी उरलेले आठ पाहण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) जिन्याजवळच्या फलकावरील, मोडीत काढावयाच्या वस्तूंची यादी. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच मिळाली, उत्तर नाही; आपण कामात असाल).

महोदय,

१. अर्जदार हा निवृत्त मुद्रितशोधक असून एकतीस वर्षे आपला सभासद आहे. या विषयाखेरीज आजवर त्याने काही मागितले नाही, कारण मागणे त्याला जमत नाही. हा अर्ज त्याने चार वेळा लिहून फाडला. पाचव्यांदा पत्नी समोर बसली आहे, म्हणून फाडता येत नाही.

२. वाचनकक्षाला रंग देताना वर्तमानपत्रांचे टेबल महिनाभर बालकक्षात हलवले होते. तेथे एका गुरुवारी शिपायाने टीव्ही चालतो का हे पाहण्यासाठी हाताला लागेल ती डीव्हीडी लावली. कार्टून म्हणून अर्जदाराने आधी मान वर केली नाही. पडद्यावर एक नवराबायको जेवत होते. दर वर्षी त्यांचे टेबल वीतभर लांब होत होते आणि दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात येत नव्हते. शेवटी मीठ मागायला उभे राहून हात हलवावे लागतात. मग ती बाई उठते आणि करवत घेऊन येते. नऊ मिनिटे, शब्द एकही नाही. अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र तो लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे दुमडून बसला होता, त्यामुळे ते पाणी चित्राचे की गुडघ्यांचे, हे तो खात्रीने सांगू शकत नाही.

३. पुढच्या गुरुवारी त्याने पत्नीला आणले. "या वयात कार्टून? लोक काय म्हणतील?" असे ती वाटभर म्हणत होती. तेच चित्र पाहून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "टेबल वाढत होतं, ते तुम्हाला खरंच दिसत नव्हतं का हो?" त्या दिवशी दोघे बोलत बोलत घराचा बसथांबा सोडून दोन थांबे पुढे चालत गेले. असे यापूर्वी कधी घडल्याचे अर्जदाराला आठवत नाही. पत्नीलाही आठवत नाही, आणि तिला सगळे आठवते. त्यानंतरच्या दोन गुरुवारी आणखी दोन लघुपट पाहिले.

४. मग रंग वाळला, टेबल परत गेले आणि बालकक्षाच्या बाईंनी नियम दाखवला : मोठ्यांनी मुलासोबतच यावे. त्यांचे चुकले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. बाई म्हणाल्या, "आजोबा, मूल आणा, मग दिवसभर बसा." अर्जदाराला एकच मूल आहे, मुलगी. ती रजा टाकून, जन्मदाखला घेऊन आली. वय सत्तेचाळीस असल्याने तिला बाहेर बसवण्यात आले. ती अजून अर्जदाराशी नीट बोलत नाही.

५. या डीव्हीडी घरी देत नाहीत. खोक्यावर "मोठ्यांसाठी" असे छापले असल्याने त्या मुलांना दाखवत नाहीत. बालकक्षाच्या कपाटात असल्याने त्या मोठ्यांना दाखवत नाहीत. नोंदवहीत फक्त मुलांनी पाहिलेले धरतात, म्हणून पाच वर्षांत एकही प्रेक्षक नाही आणि म्हणून त्या मोडीत काढायच्या आहेत. विकत मागितल्या, तर मोडीत देण्यापूर्वी प्रत्येक डीव्हीडी मधोमध मोडावी लागते, असे उत्तर मिळाले. यात कोणाची चूक आहे हे अर्जदाराने पुष्कळ शोधले. चुका शोधण्यातच त्याचा जन्म गेला, तरी ही सापडली नाही. कदाचित समजण्यात त्याचीच गफलत होत असेल.

६. तरी विनंती अशी की, मोडीत काढण्याचे काम दोन महिने पुढे ढकलावे आणि आठ गुरुवारी, दुपारी दोन ते तीन, मुले शाळेत असताना, दोघांना बसू द्यावे. खुर्च्या आहेत त्या चालतील.

७. दोघांना परवानगी देणे नियमात बसत नसल्यास, बालकक्षाच्या बाई म्हणाल्या आहेत, "एकच माणूस असेल तर मी तिकडे बघणार नाही." तसे झाल्यास ती जागा पत्नीला द्यावी. अर्जदार बाहेर जिन्यावर बसेल. आजवर वाचलेले सारे तोच तिला सांगत आला आणि ती भाजी निवडत हुंकार देत राहिली. हे आठ तिने पाहावेत आणि चालता चालता त्याला सांगावेत. अर्जदाराला ऐकण्याची सवय नाही. पण आठ गुरुवार मिळाले तर जमेल, असे पत्नीचे मत आहे.

दमलेला, तरी आपला नम्र,
(सही)
निवृत्त मुद्रितशोधक, सभासद क्र. २१८

दिनांक : ४ मार्च

सोबत : १) आधीच्या दोन अर्जांच्या पोचपावत्या. २) मुलीचा जन्मदाखला (कृपया परत करावा, ती मागत आहे).