खोलीची दुसरी किल्ली

अंबाजोगाई
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,

नंदाचा नमस्कार. मी खुशाल आहे, आणि पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहीत नाही, खरंच आहे. लॅबमध्ये आता मला रक्त काढायला देतात. पहिल्यांदा हात थरथरला तेव्हा पेशंट आजोबाच म्हणाले, "घाबरू नको पोरी, मला सवय हाय."

आईची पाठ कशी आहे? बाबांचा खोकला? कोपीच्या पाचटावर या वर्षी ताडपत्री नीट बसली का? तू फोन कर म्हणतेस, पण फोन अंगददादाकडे असतो आणि तो स्पीकर चालू करतो. ऊसतोडीची सगळी टोळी ऐकत असते, मग मी "जेवलीस का" याच्यापुढे जातच नाही. म्हणून पत्र. सटवामामांचा टेम्पो कारखान्यावर येतोय, त्यांच्या हाती देते.

तू पत्राच्या शेवटी किल्लीचं विचारलं आहेस. बहीण एकटी राहते, एक किल्ली आपल्याकडे असावी, असं अंगददादाचं म्हणणं आहे. त्याला सांग, माझ्याकडे एकच आहे, दुसरी घरमालकांकडे असते. हे खरं आहे.

आता दुसरी गोष्ट. हसू नको. माझ्या खोलीत मी नसताना कुणीतरी येतं.

चोर नाही. काहीच गेलेलं नाही, सुईसुद्धा नाही. खोली गच्चीवर, खाली मालक राधाकिशनभाऊ, त्यांची बायको, मुलं आणि त्यांची आई मनकर्णाबाई. टाकीचा व्हॉल्व्ह माझ्या मोरीत आहे. नळाला पाणी आलं की तो फिरवावा लागतो, म्हणून एक किल्ली त्यांच्याकडे. खोली घेतानाच हे ठरलं होतं, मी हो म्हटलं होतं. भाड्याच्या कागदावर 'पूर्वसूचना देऊन' असंही लिहिलं आहे. तो कागद मी शेवटपर्यंत वाचत बसले तेव्हा राधाकिशनभाऊ हसून म्हणाले की एवढं तर वकिलानंबी वाचलं नसंल. पूर्वसूचना अजून एकदाही आलेली नाही, पण पाणी आल्यावर कुठे सूचना देत बसणार, म्हणून मी काही बोलले नाही.

तर पाण्याच्या दिवशी मोरी ओली असते आणि फरशीवर राधाकिशनभाऊंच्या पायांचे ठसे असतात. मी सांगते ते दिवस वेगळे. मोरी कोरडी, आणि तरी कुणीतरी येऊन गेलेलं. पंखा मी तीनवर सोडून जाते, संध्याकाळी बटण दाबलं की तो एकवर फिरतो. उशी उलटी झालेली असते. एकदा चादरीची घडी होती, माझ्या हाताने कधी पडणार नाही इतकी सरळ. आणि खोलीला दुखण्यावरच्या मलमाचा वास.

आधी मला माझाच संशय आला. मीच विसरते की काय? म्हणून कडीला शिवणाचा दोरा बांधून गेले. आले तर दोरा तुटलेला, मोरी कोरडी.

लॅबमधली संगीता म्हणते, सरळ दुसरं कुलूप लाव. पण मग व्हॉल्व्हचं काय? आणि खरं सांगू, कुलूप बदललं तर कोण येत होतं ते मला कधीच कळणार नाही. भीती वाटते, नाही कसं म्हणू. तरी त्याहून जास्त हेच डोक्यात घोळतं की काही न्यायचं नाही, तर माणूस दुसऱ्याच्या खोलीत येऊन करत काय असेल? आणि भाड्याने घेतलेली खोली तशी असते तरी कुणाची?

तुझी फार आठवण येते. कोपीला दार कुठे होतं, साडीचा पडदा. पहिली अक्षरं तू चुलीपुढे राखेत काढून दिलीस, आणि त्याच्याही आधी शिकवलंस की खाकरल्याशिवाय कुणाच्या कोपीत शिरायचं नाही. एकदा मी पाणी घेऊन तशीच आत घुसले, आई अंग धूत होती. तू मला कळशीसकट बाहेर काढलंस. मी रडत म्हटलं, आपलीच तर कोपी आहे. तू म्हणालीस, "आपली हाय म्हणून काय झालं? आत माणूस हाय ना."

इथे दाराला लोखंडी कडी आहे, वर कुलूप आहे, आणि खाकरत कुणी नाही.

मला ही खोली हवी आहे, आत्या. सोडून दुसरी बघ असं लिहू नको. खिडकीतून डोंगर दिसतो. कपडे मात्र मी आता आत दोरीवर वाळत घालत नाही, दोरीच काढून टाकली. असो.

तुझी,
नंदा


अंबाजोगाई
२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. "भूत आसंल तर झाडलोट त्याच्याकून करून घे" हे वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले. आणि सगळ्यात खाली, मी दोरी का काढली यावर तू एकच शब्द लिहिलास: कावून? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. उत्तर देते, पण आधी भुताचं.

मंगळवारी लॅबमधलं मशीन बंद पडलं, आम्हाला दुपारीच सोडलं. जिना चढून आले तर दाराबाहेर चपला. एकीचा अंगठा तारेने बांधलेला. त्या मी रोज खाली बघते, मनकर्णाबाईंच्या. भिंतीला लावून नीट काढलेल्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा. दार नुसतं लोटलेलं.

काय बोलायचं ते मी किती दिवस मनात घोकलं होतं. हात दारावर ठेवला, आणि मला ढकलताच येईना. आत माणूस होतं, आणि बाहेर मी आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मी एक पायरी खाली उतरले आणि खाकरले.

आत बांगड्या वाजल्या. मी थांबले. मग आवाज आला, "ये की आत."

माझ्याच खोलीत मला. आणि मीही "येते मावशी" म्हणून त्यांच्या चपलांशेजारी चपला काढून आत गेले.

त्या खाटेच्या कडेला बसून केस बांधत होत्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी कधी बघितला नव्हता. लांब केस आहेत, सगळे पांढरे. पंखा एकवर फिरत होता. कावून येता, असं मी विचारलं, पण इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"झोपायला," त्या म्हणाल्या. "खाली माझी खाट वाटंवर हाय. जो निघतो तो चप्पल घालाया तिच्यावरच बसतो. म्या झोपलेली आसले तरी." आणि उशीकडे बघून, "तुझ्या कशालाबी हात लावला न्हाई. उशी तेवढी उलटी करते, माझं तेल लागू नये म्हणून."

मी म्हटलं, "ते मला माहीत आहे, मावशी. पण तुम्ही येता हे माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी कुलूप उघडताना मला भीती वाटायची."

आजवर कुणा मोठ्या माणसाला मी एवढं बोलले नव्हते. त्यांनी केसांची गाठ पक्की केली. मग म्हणाल्या, सांगून येत जाईन. आणि लगेच स्वतःच हसल्या. "सांगितलं तर खाली समद्यांला कळंल. मंग हितंबी चपला घालाया येतील."

जाताना त्यांनी पदराच्या गाठीतली किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. पाण्याच्या दिवशी कामावर जाताना तूच व्हॉल्व्ह फिरवून जा, राधाकिशनला मी सांगते, एवढंच म्हणाल्या. उतरताना जिन्याला धरून उतरत होत्या.

आता 'कावून'चं.

दिवाळीत, तुम्ही टोळीबरोबर निघायच्या आधी, अंगददादा इकडे येऊन गेला होता. बरोबर त्याचा मित्र बजरंग. मी कामावर होते. भाऊच आहे म्हटल्यावर राधाकिशनभाऊंनी किल्ली दिली. मी आले तर दोघं माझ्या खाटेवर बुटांसकट पडले होते. सकाळी जाताना आत दोरीवर माझे कपडे होते, आत्या, सगळे. आतले पण. आता दोरी रिकामी होती. अंगददादाने ते गोळा करून खाटेखाली बादलीमागे कोंबले होते, बजरंगला दिसू नयेत म्हणून. माझीच लाज राखायला केलं त्याने, मला कळतं. पण म्हणजे ते दिसून झालेले होते. मी चहा केला. ते गेल्यावर सगळे कपडे पुन्हा धुतले आणि दोरी काढली.

तो वाईट नाही. जाताना माझ्यासाठी चिवड्याचा डबा ठेवून गेला होता. म्हणून मी तुला सांगितलं नाही, आणि त्यानंतर त्याने किल्ली मागितली तेव्हा दुसरी मालकांकडे आहे या वाक्याच्या आड लपून राहिले. तेव्हा ते खरं होतं. आता दुसरी किल्ली माझ्याच हातात आहे, आणि तेच वाक्य परत लिहिलं तर ते खोटं होईल. तेव्हा नीट लिहिते. किल्ली आहे, आणि मी ती अंगददादाला देणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी सकाळी मी खालून जात होते. मनकर्णाबाईंच्या खाटेवर नातू बूट घालत बसला होता, सुनेची पिशवी होती, आणि त्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मी पुढे गेले, मग मागे आले, आणि ती किल्ली त्यांच्या मुठीत दिली. संध्याकाळी त्यांनी ती परत आणून दिली. मंगळवारी आणि शुक्रवारी असं ठरलं आहे, सकाळी मी द्यायची, संध्याकाळी त्यांनी. त्यांच्याच घरातल्या खोलीत त्यांना मी येऊ देते याची मला जरा लाज वाटते. पण आता कुलूप उघडताना हात थांबत नाही.

परक्या बाईला देतेस आणि सख्ख्या भावाला नाही, असं तो म्हणेल. तू मध्ये पडू नको. येत्या रविवारी मी स्वतः फोन करीन आणि त्याला सांगेन. "ये, पण मी असताना ये, आणि आधी कळव." स्पीकर चालू असला तर असू दे. टोळीने ऐकलं तर ऐकू दे. हात थरथरेल, पण त्या आजोबांचं रक्त मी काढलंच की.

आता तुझ्याबद्दल. तू सासरहून परत आलीस तेव्हापासून कोपीत आमच्या पायाशी झोपत आलीस, गावाकडे ओसरीवर. तुला एकटीला दार लावून झोपलेलं मी कधीच बघितलेलं नाही. हे माझ्या लक्षात यायला मनकर्णाबाई लागल्या. पट्टा पडला, कारखान्याचं गाळप संपलं की सगळे गावी जातील, तू आधी इथे उतर. हवी तितकी राहा. मंगळवार-शुक्रवारचं आपण तिघी मिळून बघू. मी कामावर गेले की आतून कडी लाव, पंखा हवा तेवढ्यावर ठेव आणि केस सोडून झोप.

संध्याकाळी मी जिन्यावरूनच खाकरेन. घाई करू नको.

तू "ये" म्हणेपर्यंत दाराबाहेर उभी राहणारी,
तुझी नंदा